ऐसाजे

गेल्या आठवड्यात माझ्या ज्युनिअरने एका खरेदीखताचा मसुदा संगणकावर नीटनेटका करून माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि जाता जाता सांगितले, "मॅडम, जुन्या नमुन्यात टायपिंगची एक चूक राहिली होती, ती काढून टाकली आहे." ती चूक म्हणजे 'ऐसाजे' हा शब्द होता. "कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे" या ओळीतला शेवटचा शब्द गाळून त्याने तिथे पूर्णविराम देऊन टाकला होता. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला काम करताना मला तीस वर्षे होत आली आणि एवढ्या काळात हा शब्द मी किती दस्तांत लिहिला याची गणती नाही, तरी रागवायला तोंड उघडण्याआधी मलाच आठवले की त्याचा अर्थ मलाही कधी कोणी सांगितला नव्हता. माझ्या सीनिअरांनी तो त्यांच्या सीनिअरांच्या नमुन्यातून उचलला, मी त्यांच्या नमुन्यातून उचलला, आणि अर्थ मला पुष्कळ वर्षांनी, पेशवाईतील पत्रे वाचताना, आपोआप कळला.

शब्द साधा आहे. 'ऐसा' आणि 'जे' हे दोन शब्द त्यात जोडले गेले आहेत. आज आपण जिथे 'की' म्हणतो तिथे जुन्या मराठीत 'जे' येत असे, म्हणून जुनी पत्रे 'विनंती ऐसीजे' अशी सुरू होतात, म्हणजे 'विनंती अशी की'. खरेदीखतातला 'ऐसाजे' हा त्याच घरातला. 'खत लिहून देतो ते असे की' असे म्हणून लिहिणारा पुढे मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, किंमत, भरणा, ताबा, हमी असे सगळे एका दमात सांगत जातो आणि शेवटी 'हे खरेदीखत राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे' इथे येऊन थांबतो. आठ पानांचा दस्त हे व्याकरणाच्या दृष्टीने एकच वाक्य असते आणि त्याची खुंटी 'ऐसाजे' ही असते. माझ्या ज्युनिअरने पूर्णविराम दिला तेव्हा खुंटी निघाली आणि उरलेली साडेसात पाने अधांतरी राहिली. अर्थात त्यामुळे दस्त रद्द होत नाही, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात कोणी व्याकरण तपासत नाही. पण शब्द काढायचा तर तो काय काम करीत होता हे पाहून काढावा, एवढे मी त्याला सांगितले, आणि मग दुपारभर आमची गाडी या जुन्या शब्दांवरून खाली उतरलीच नाही.

त्याला निमित्त समोरच बसलेले होते. निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार माझे अशील आहेत. त्यांच्या बागेकडे जाणारी वाट शेजाऱ्याने चर खणून आणि तारेचे कुंपण घालून बंद केली आहे, आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांसमोर आमचा वाद चालू आहे. त्या दिवशी ते पत्र्याच्या ट्रंकेतून आजोबांच्या काळचे मोडी खरेदीखत घेऊन आले होते. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला तो कागद त्यांनी टेबलावर उलगडला, घड्यांवर तो चार ठिकाणी फाटलेला होता. "वकीलताई, यात वहिवाट लिहिलीय का तेवढं बघा," असे ते म्हणाले. वाहती वाट ती वहिवाट. लोक ज्या वाटेने पिढ्यान् पिढ्या गेले-आले ती वाट, आणि त्यावरून पुढे कोणत्याही रीतीचा, ताब्याचा किंवा उपभोगाचा प्रघात, असा त्या शब्दाचा अर्थ पसरत गेला. आज 'वहिवाटीचा हक्क' लिहिताना मूळची पायवाट कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, परंतु माझ्या अशिलाचा अर्थ मात्र अक्षरशः तोच होता, कारण त्याचा ट्रॅक्टर त्या वाटेने बागेत जातो.

नाशिककरांना या बाबतीत एक सोय आहे, ती म्हणजे शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे दस्त डोंगरात कोरून ठेवलेले आहेत. पांडवलेण्यांत आपण शाळेच्या सहलीला जातो, बुद्धमूर्ती पाहतो आणि खाली उतरून डबा खातो, भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे मात्र शोभेची समजून सोडून देतो. ती अक्षरे म्हणजे जवळजवळ सगळीच दानपत्रे आहेत, आणि वकिलाच्या नजरेने पाहिली तर ती मसुद्याच्या दृष्टीने पक्की आहेत. शक क्षत्रप (प्रांताधिपती) नहपान याचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात जो लेख कोरवला त्यात ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव आहे. त्यातले २००० कार्षापण नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि १००० दुसऱ्या एका श्रेणीकडे 'पायून पडिक शत', म्हणजे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. हा 'पायून' म्हणजे आपला 'पाऊण'. दूधवाल्याशी बोलताना आपण जो शब्द वापरतो तो इथे व्याजाच्या कलमात बसलेला आहे. व्याजाला लेखात 'वधि' म्हटले आहे, वृद्धीचे प्राकृत रूप, आणि आपल्या खेड्यांतली धान्याची 'वाढीदिढी' त्याच मुळाची.

पुढे लेख म्हणतो की ही रक्कम परत द्यायची नाही, फक्त तिची वाढ उपभोगायची आहे. लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळावेत अशी त्यात योजना आहे. हिशेब करून पाहा. २००० वर दरमहा एक टक्का म्हणजे वर्षाला २४०, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. कागदावर हिशेब असा चोख जुळलेला पाहिला की मला त्या अज्ञात मसुदाकाराविषयी मनापासून आदर वाटतो. आणि नंतर येते ते सर्वांत महत्त्वाचे वाक्य, की हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवले आणि 'फलकवारे' नोंदवले. आज मध्यवर्ती बसस्थानकाच्या (सीबीएसच्या) परिसरात टोकन घेऊन, अंगठा लावून, कॅमेऱ्याकडे पाहून आपण जी दस्तनोंदणी करतो त्याचे हे जुने रूप आहे, पंचांसमोर जाहीर वाचन आणि फलकावर नोंद.

तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत गौतमीपुत्र सातकर्णीची दोन आज्ञापत्रे आहेत. पहिल्यात, राज्यवर्ष १८ मध्ये, उषवदाताच्या भोगवट्यात असलेले २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत भिक्षूंना दिले आहे आणि त्याला परिहार, म्हणजे सवलती, जोडल्या आहेत. 'अपावेस, अनोमस, अलोणखादक' अशा त्या शब्दांचा अर्थ असा की राजाच्या माणसांनी त्या शेतात शिरायचे नाही, त्याला हात लावायचा नाही, तिथे मिठासाठी खणायचे नाही. मिठाचे कलम वाचताना मी दर वेळी थबकते, कारण असे कलम कोणी उगाच घालत नाही. कुठे तरी कोणाचे तरी शेत सरकारी माणसांनी मिठासाठी खणलेले असते, त्यावरून बोंबाबोंब झालेली असते, आणि तेव्हापासून ते कलम प्रत्येक दानपत्रात येऊन बसते. मराठेशाहीतल्या इनामपत्रांत 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' अशी जी माळ येते ती मला याच जातीची वाटते. निधी म्हणजे जमिनीत सापडलेले बेवारस धन, निक्षेप म्हणजे कोणी तरी ठेवलेली ठेव, आणि या दोन्हींवर पुढे वाद होणार हे मसुदाकाराला आधीच ठाऊक असे.

सहा वर्षांनी, राज्यवर्ष २४ मध्ये, दुसरे आज्ञापत्र निघाले. त्याचे कारण लेखातच दिले आहे: 'तं च खेतं न कसते, सो च गामो न वसति.' ते शेत कसले जात नाही, ते गाव वसत नाही. म्हणून बदल्यात नगराच्या सीमेवरच्या राजकीय शेतातून १०० निवर्तने देण्यात आली. ज्युनिअरला मी हे वाक्य कागदावर लिहून दाखवले आणि याला आज तू काय म्हणशील असे विचारले, तेव्हा तो क्षणभर पाहून म्हणाला, "चूकदुरुस्तीपत्र." अगदी बरोबर. आणि 'न कसते' यातले क्रियापद आपण सोडलेले नाही. १९४८ च्या कूळ कायद्यानंतर १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून जी जमीन कुळांच्या मालकीची झाली, ती 'कसेल त्याची जमीन' याच शब्दांत लोकांच्या तोंडी बसली. या दोन्ही ठिकाणी जमिनीचे भवितव्य 'कसणे' या एका क्रियापदावर ठरले आहे.

न्यायालयातले रोजचे बहुतेक शब्द मात्र नंतरचे, अरबी-फारसी वाटेने आलेले आहेत, आणि त्यांची मौज अशी की इथे मुक्कामाला आल्यावर त्यांनी अर्थ बदलले. 'इसम' हा मूळ अरबी शब्द, त्याचा अर्थ नाव. मराठीत तो माणूस या अर्थी रुळला, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्यालाच पोलीस 'अज्ञात इसम' म्हणतात. 'हरकत' म्हणजे मुळात हालचाल. मराठीत त्या हालचालीचा आक्षेप झाला, फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीसाठी पंधरा दिवस वाट पाहिली जाते, आणि आपण घरीदारी 'काही हरकत नाही' म्हणू लागलो. 'फिर्याद' म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक, आणि 'मजकूर' म्हणजे ज्याचा उल्लेख आला आहे तो. 'दफ्तर' तर फारसीत ग्रीकांकडून आले, तिकडे त्याचा मूळ अर्थ कमावलेले कातडे असा आहे. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाचे डिप्थेरिया हे नाव त्याच मुळाचे. मुलांच्या पाठीवरचे दप्तर आणि लसीकरणाच्या कार्डावरचा तो रोग अशी सख्खी भावंडे निघतात. 'शिरस्तेदार' या नावात फारसी 'सर' म्हणजे टोक आणि 'रिश्ता' म्हणजे दोरा आहे. ज्याच्या हाती दोऱ्याचे टोक तो शिरस्तेदार, आणि जुन्या फायलींच्या गाठोड्यांतून एखादा दस्त बाहेर काढायचा असेल तर आजही टोक त्यांच्याच हाती असते.

'कैफियत' या शब्दाने मात्र मला एकदा चांगलेच अडचणीत आणले. अरबीत 'कैफ' म्हणजे कसे, त्यावरून कैफियत म्हणजे 'कसेपण', हकीकत. दिवाणी दाव्यात वादीच्या दाव्याला प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो त्याला आम्ही कैफियत म्हणतो. वकिलीच्या पहिल्याच वर्षी सिन्नरकडच्या एका वृद्ध प्रतिवादीला मी घाईत सांगितले, "बाबा, पुढच्या तारखेआधी आपल्याला कैफियत द्यावी लागेल." बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि तिथल्या तिथे कैफियत द्यायला सुरुवात केली. थोरल्या भावाने वाटणीत विहीर कशी लाटली, सून माहेरी का गेली, गुडघा कधीपासून दुखतो, हे सर्व त्यांनी सव्वा तास सांगितले आणि मी मध्ये थांबवू शकले नाही, कारण लोकांच्या मराठीत कैफियत म्हणजे गाऱ्हाणे, आणि गाऱ्हाणे ऐकायला तर मी तिथे बसले होते. त्या सव्वा तासात दाव्याच्या उपयोगाची एकच गोष्ट निघाली, विहिरीवर भावाने मोटार बसवल्याचे वर्ष. लेखी उत्तरात तीच कामाला आली. तेव्हापासून मी प्रतिवादीला 'लेखी उत्तर' असेच सांगते, पण ऐकताना कैफियतच ऐकते.

संस्कृत शब्दांनीही असेच गमतीने रूप पालटलेले आहे. 'आरोपी' या शब्दाचा सरळ अर्थ लावला तर आरोप करणारा असा होतो. ज्याच्यावर आरोप ठेवला तो 'आरोपित' म्हणायला हवा. परंतु मराठीने आरोप करणाऱ्याला फिर्यादी करून टाकले आणि आरोपीला पिंजऱ्यात उभे केले. 'शिक्षा' म्हणजे मुळात शिकवण. 'खटला' शब्दाविषयी तर बोलायलाच नको, घरातल्या मोठ्या कुटुंबकबिल्यालाही खटले म्हणतात आणि न्यायालयातल्या प्रकरणालाही, आणि वाटपाच्या दाव्यात ही दोन्ही खटली एकाच वेळी समोर उभी असतात.

यांतल्या काही शब्दांमागे एके काळी अंगावर काटा आणणारी कृती होती. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी व भाऊबंदांच्या सभेपुढे, येई, गाव गोळा होई आणि निवाड्याचा कागद 'महजर' म्हणून होई. हजर, हजेरी, हुजूर यांच्याच मुळाचा हा शब्द, म्हणजे जे हजर होते त्यांचा कागद. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी. साक्षी-पुराव्याने निकाल लागेना तेव्हा दिव्य होई, म्हणजे देवावर हवाला ठेवून घेतलेली शारीरिक कसोटी. याज्ञवल्क्याने तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत, पण आपल्याकडच्या कागदांत रवादिव्य ठळकपणे दिसते. वादी हात धुऊन, नखे काढून, कढत तेल-तुपातून धातूचा रवा उचले, मग हातावर पिशवी बांधून तिच्यावर मोहर करीत आणि नंतर ती उघडून हात भाजला की नाही ते पाहत. जिंकणाऱ्याने सरकारला 'हरकी' द्यायची, म्हणजे आनंदाची रक्कम, आणि हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. दोघांकडूनही पैसे घेण्याची ती युक्ती होती, असे माझे व्यवसायाने बनलेले मत आहे. आज ज्याला आपण कोर्ट फी म्हणतो ती निदान एकाच बाजूने आधी घेतली जाते. आता पोटापाण्यासाठी वणवण करणाऱ्यालाही आपण 'केवढे दिव्य केले' म्हणतो, त्यात तेल नाही की तूप नाही.

परके शब्द काढून स्वकीय शब्द बसवण्याचे प्रयत्न जुने आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला, आणि इथून जवळच्या भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी 'तारीख' काढून 'दिनांक' दिला. मी स्वतः प्रत्येक अर्जावर 'दिनांक' लिहिते. पण न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस 'पुढची दिनांक कधी' असे विचारताना मी अजून पाहिलेला नाही. कायदाच बदलला तरी शब्द मागे राहतात याचे ताजे उदाहरण १ जुलै २०२४ पासून आमच्यापुढे आहे. भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचे कलम ४२० होते ते आता ३१८ मध्ये गेले, पण 'तो पक्का तीनशे अठरा आहे' असे काही कोणी म्हणत नाही. 'चारसोबीस' हा शब्द कलमाविना जगतो आहे आणि धडधाकट आहे.

मला जुन्या शब्दांचा सरसकट लोभ नाही. 'साटेखत' हा शब्द 'साटे' म्हणजे देवघेवीचा करार यावरून आलेला आहे, पण लोक 'साठेखत' लिहितात आणि साठ्याशी त्याचा संबंध जोडतात, तरी व्यवहार अडत नाही. 'कुलमुखत्यारपत्र' मात्र मी नेहमी समजावून सांगते. त्यातला 'कुल' म्हणजे अरबी 'सर्व', घराण्याचे कुळ नव्हे आणि जमीन कसणारे कूळही नव्हे, आणि 'मुखत्यार' म्हणजे ज्याला अखत्यार दिला तो. त्या कागदावर सही करणारी विधवा सून जेव्हा 'आमच्या कुळाचाच कागद आहे ना' असे विचारते, तेव्हा शब्दाची व्युत्पत्ती सांगणे हे हौसेचे काम राहत नाही. सगळे अधिकार देऊन बसल्यावर ते तिला सांगून उपयोग नसतो.

द्राक्षबागायतदारांचा मोडी कागद मी आणि ज्युनिअर त्या संध्याकाळी पुन्हा घेऊन बसलो. मला मोडी अडखळत वाचता येते. 'ऐसाजे' सापडला, आणि तो पाहून ज्युनिअरने न बोलता संगणकावरचा पूर्णविराम काढला. पश्चिमेस ओढा, दक्षिणेस बांध, उत्तरेस भाऊबंदाचे शेत, इथवर वाचन सरळ झाले. पूर्वेच्या शब्दावर नेमकी घडी पडून कागद फाटला आहे. मला तो 'पाणंद' वाटतो, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट. ज्युनिअरला तो 'पांढर' वाटतो. गावाची वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी, हे त्याला त्याच्या आजीकडून ठाऊक होते. पाणंद असेल तर वाट आजोबांच्या काळापासूनची आहे, पांढर असेल तर त्या बाजूला तेव्हा गावठाण होते आणि वाटेसाठी आम्हाला दुसरा पुरावा शोधावा लागेल. तहसीलदारांसमोर सुनावणी गुरुवारी आहे, आणि सोमवारी तो कागद घेऊन आम्ही पंचवटीतल्या मोडी वाचकांकडे जाणार आहोत.